कोंपिराच्या १३६८ पायऱ्या: जपानला निघण्यापूर्वी विचारले जाणारे प्रश्न

गेल्या नोव्हेंबरात मी आईला घेऊन जपानला गेले होते. परत आल्यापासून नात्यातल्या, ओळखीतल्या इतक्या जणांनी कोंपिराच्या डोंगराबद्दल विचारलं, की एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. धाकटा भाऊ बोटीवर असतो. दर्यावर्द्यांचा देव ज्या डोंगरावर आहे तिथे जायचंच, हा हट्ट आईचा होता. त्यामुळे खालची बरीच उत्तरं आईच्या गुडघ्यांचा विचार करून लिहिली आहेत.

हे कोंपिरा नेमकं आहे कुठे?

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सगळ्यात लहान बेट म्हणजे शिकोकू. त्यातल्या कागावा प्रांतात कोतोहिरा नावाचं छोटं गाव आहे आणि गावाच्या पाठीशी झोझुसान हा दाट झाडीचा डोंगर. त्या डोंगराच्या अंगावर कोतोहिरा-गू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान आहे. कागदोपत्री नाव ते असलं तरी गावात सगळे म्हणतात ‘कोंपिरासान’. ‘सान’ हा आदराचा प्रत्यय, पण देवाच्या नावापुढे तो लागला की त्यात आपल्या ‘विठूराया’मधली जवळीक येते.

नाव आपल्याकडचं वाटतं. भारताशी खरंच काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. ‘कोंपिरा’ हे संस्कृत ‘कुंभीर’ शब्दाचं जपानी रूप. कुंभीर म्हणजे मगर. गंगेतल्या मगरीची ही देवता बौद्ध परंपरेत रक्षक यक्ष म्हणून आली. पालीतल्या महासमयसुत्तात देवदेवतांची मोठी नामावळी आहे. तिच्यात राजगृहाचा, विपुल पर्वतावर राहणारा कुंभीर येतो. हा विपुल पर्वत म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरभोवतीच्या डोंगरांपैकी एक. तिथून हे नाव चीनमार्गे जपानला पोचलं आणि पाण्यातला देव म्हणून समुद्रावर पोट असलेल्या लोकांनी त्याला आपलं मानलं.

डोंगराचं नावही असंच. ‘झोझुसान’चा अर्थ हत्तीच्या मस्तकाचा डोंगर. गयेजवळच्या गयाशीर्ष टेकडीचं नाव चिनी बौद्ध ग्रंथांत ज्या अक्षरांनी लिहितात, तीच अक्षरं इथे आहेत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे गया इथेही आहे की!” आणि मग तिला परकं वाटेनासं झालं.

आजचं देवस्थान मात्र निव्वळ शिंतो आहे. पूर्वी इथे बौद्ध आणि शिंतो उपासना एकत्र चालायची आणि देवाला ‘कोंपिरा दाइगोंगेन’ म्हणत. १८६८ मध्ये मेइजी सरकारने दोन्ही धर्म वेगळे करायचा हुकूम काढला, त्यानंतर बौद्ध खुणा बाजूला झाल्या आणि नाव कोतोहिरा झालं. आता मुख्य देव ओमोनोनुशी. त्याच्याबरोबर सुतोकू या सम्राटाचीही पूजा होते. ११५६ च्या होगेन बंडात हरल्यावर त्याला याच भागात हद्दपार केलं होतं आणि ११६४ मध्ये तो इथेच वारला. सरकारी हुकमाने देवाचं नाव बदललं, पण लोकांच्या तोंडातला कुंभीर काही गेला नाही. मला तरी हीच या जागेची सगळ्यात मोठी ओढ वाटते.

तिथे पोचायचं कसं?

ओसाका किंवा क्योतोहून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने ओकायामा गाठायचं. तिथे ‘नानपू’ नावाची एक्सप्रेस मिळते, ती साधारण तासाभरात कोतोहिराला आणून सोडते. ही गाडी १९८८ साली सुरू झालेल्या सेतो ओहाशी पुलावरून जाते, तेव्हा खिडकीची जागा धरा. खाली समुद्र, बेटांचे ठिपके, मधून जाणारी मालवाहू जहाजं. आईने त्या दहा मिनिटांत भावाला तीन फोटो पाठवले.

ताकामात्सु शहरात मुक्काम असेल तर कोतोदेन ही खाजगी रेल्वे आहे. तिलाही तासभर लागतो, पण ती भातशेतांतून रमतगमत जाते. तोक्योहून थेट यायचं असेल तर रात्रीची ‘सनराइज सेतो’ ही झोपायची गाडी ताकामात्सुपर्यंत येते, आणि ठराविक दिवशी ती कोतोहिरापर्यंत वाढवतात. तिचं आरक्षण लवकर संपतं.

मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या नाणी टाकून उघडायच्या कपाटांत ठेवा. त्या घेऊन पायऱ्यांकडे फिरकूही नका.

पायऱ्या नेमक्या किती? कोणी ७८५ म्हणतं, कोणी १३६८.

दोन्ही बरोबर. मुख्य देवळापर्यंत ७८५ आणि तिथून पुढे वरच्या ‘ओकुशा’ या मंदिरापर्यंत मिळून १३६८. मुख्य देऊळ समुद्रसपाटीपासून २५१ मीटरवर आहे, ओकुशा ४२१ मीटरवर.

यात एक गंमत आहे. चढताना वाटेत एका ठिकाणी फक्त एक पायरी खाली उतरावी लागते. चढाच्या पायऱ्या खरं तर ७८६ आहेत. पण जपानीत सात, आठ आणि सहा हे आकडे ‘ना-या-मु’ असे वाचता येतात, आणि ‘नायामु’ म्हणजे चिंतेने तळमळणं. देवाच्या दारी तळमळ घेऊन जायला नको म्हणून एक पायरी उतरती ठेवून बेरीज ७८५ केली, असं सांगतात. मी मुद्दाम मोजत चढले आणि चारशेच्या आसपास चुकले. नंतर मोजायचा नाद सोडला.

दम किती लागतो? किती वेळ धरायचा?

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. मुख्य देऊळ म्हणजे पर्वती साडेसात वेळा, आणि ओकुशा म्हणजे तेरा वेळा चढल्यासारखं. मात्र सगळ्या पायऱ्या सलग नाहीत. मध्ये सपाट पट्टे आहेत, वळणं आहेत, बसायला जागा आहेत. रोज थोडंफार चालणाऱ्या माणसाला मुख्य देवळापर्यंत ३० ते ४० मिनिटं लागतात, आणि तिथून ओकुशाला आणखी अर्धा तास. थांबत, बघत, उतरण धरून पूर्ण फेरीला अडीच-तीन तास हाताशी ठेवा.

पोटऱ्यांची परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली सुरुवातीलाच, दुकानांच्या गल्लीत. माणूस उत्साहात भराभर चढतो आणि शंभरीतच धापा टाकतो. दुसरी अगदी शेवटी, मुख्य देवळाखालच्या १३३ पायऱ्यांच्या सरळ चढाला. तिथे वर बघू नका, पायापुढची पायरी बघा.

वाटेत काय काय लागतं?

सुरुवातीला दोन्ही बाजूंना दुकानं. उदोन (गव्हाच्या शेवया), पंखे, गोड पदार्थ, काठ्या. बऱ्याच दुकानांबाहेर काठ्यांचं पिंप असतं. साधारण १०० येन देऊन काठी घ्यायची आणि उतरताना परत ठेवायची. काही ठिकाणी खरेदी केली तर फुकट देतात. काठी घ्याच. तरुण असलात तरी घ्या, उतरताना तिची किंमत कळते.

सगळीकडे वर्तुळात ‘सोनं’ या अर्थाचं एक चिनी अक्षर दिसेल. कोंपिरा लिहिताना पहिलं अक्षर तेच, म्हणून ती देवस्थानाची खूण झाली. पूर्वीचे यात्रेकरू ओसाकाहून होडीने मारुगामे बंदरात उतरत, तिथून चालत येत आणि परतताना हीच खूण असलेला मारुगामेचा कागदी पंखा घेऊन जात. आजही तो मिळतो. बॅगेत चपटा बसतो, कुणाला द्यायला उत्तम.

३६५ व्या पायरीवर ओमोन हा भव्य दरवाजा आहे. ताकामात्सुचा सरदार मात्सुदाइरा योरिशिगे याने तो दिला. इथे देवस्थानाची हद्द सुरू होते आणि दुकानं संपतात. फक्त पाच अपवाद. दरवाजातून आत गेलं की मोठ्या पांढऱ्या छत्र्यांखाली पाच जणी बसलेल्या दिसतात. पूर्वी देवस्थानाची सेवा करणाऱ्या पाच शेतकरी कुटुंबांना हद्दीच्या आत बसून विकायचा मान मिळाला, तो पिढ्यानुपिढ्या चालत आलाय. विकायचं काय, तर एकच जिन्नस: ‘कामियो-आमे’ ही पिवळीधमक, पंख्याच्या आकाराची, काचेसारखी पातळ साखरेची वडी. युझू या लिंबाच्या जातीच्या फळाचा तिला मंद वास असतो. पाकिटात धातूची एक चिमुकली हातोडी मिळते. तिने टकटक करून तुकडे पाडायचे आणि वाटून खायचे. आमच्याकडचे तुकडे आईने जवळच्या कट्ट्यावर बसलेल्या एका जपानी आजींना दिले. त्यांनी पिशवीतून संत्रं काढून आईच्या हातात ठेवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

त्यापुढचा चेरीच्या झाडांचा दगडी रस्ता जवळजवळ सपाट आहे. दोन्ही बाजूंना उंच दगडी खांब, त्यांवर देणगीदारांची नावं आणि रकमा कोरलेल्या. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं ना, तोच भाव. सगळे जण नजर खाली करून चढत राहतात आणि हे खांब बघायचे राहतात. थोडं थांबा. जहाज कंपन्यांची, मासेमारांच्या संघांची नावं दिसतील, म्हणजे देव कुणाचा ते कळेल.

४७७ व्या पायरीजवळ ओमोते-शोइन ही जुनी पाहुण्यांसाठीची इमारत आहे. आत मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेले सरकते दरवाजे आहेत. त्यातले वाघ नक्की पाहा. त्या काळी जपानात जिवंत वाघ कोणी पाहिलेला नसायचा, त्यामुळे चेहऱ्यात मांजराची झाक आहे, पण डोळे मात्र अंगावर येतात. तिकीट वेगळं आहे आणि बूट काढावे लागतात.

६२८ व्या पायरीवर आसाहिशा लागतं. दोन छपरांचं लाकडी मंदिर, छताखाली इंच न् इंच कोरीवकाम. चाळीस वर्षं काम चालून १८३७ मध्ये ते पुरं झालं. यालाच मुख्य देऊळ समजून माघारी फिरलेल्या लोकांच्या गोष्टी जुन्या काळापासून सांगतात. तुम्ही तसं करू नका. चढताना याला ओझरतं बघून पुढे जायचं आणि उतरताना निवांत दर्शन घ्यायचं अशी रीत आहे. उतरायची वाट वेगळी आहे आणि ती बरोबर याच्या दारात आणते.

आणि मग तो १३३ पायऱ्यांचा चढ. वर पोचल्यावर देवळाआधी उजवीकडच्या कठड्यापाशी जावंसं वाटतं. समोर सानुकीचं (हे कागावाचं जुनं नाव) सपाट मैदान, त्यात बरोबर शंकूच्या आकाराचा इइनोयामा डोंगर, ज्याला इथले लोक ‘सानुकी फुजी’ म्हणतात, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर सेतो ओहाशी पूल. समुद्रावरचा देव इतका आत डोंगरात का, हे कोडं इथे उभं राहिलं की सुटतं. समुद्रातून दिसणारा डोंगर हीच खलाशाची खूण.

देवळाशेजारचं चित्रांचं दालन कसलं आहे?

ते एमांचं, म्हणजे नवसाच्या चित्रांचं दालन. एमा म्हणजे देवाला वाहायची लाकडी पाटी. इतर ठिकाणी तळहाताएवढ्या पाट्या असतात, इथे जहाजांची मोठमोठी चित्रं आणि फोटो आहेत. शिडाची जहाजं, तेलवाहू, मासेमारी बोटी, सगळ्यांसाठी सुखरूप प्रवासाची प्रार्थना. होरिए केनइची या एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्या दर्यावर्द्याची सौरऊर्जेवर चालणारी छोटी नावही इथे ठेवली आहे. १९९६ मध्ये तो तिच्यातून इक्वादोरहून जपानला आला. १९९० मध्ये अंतराळात गेलेले पहिले जपानी आकियामा तोयोहिरो यांचीही पाटी आहे. अंतराळयान म्हणजेही जहाजच, आणि जहाज म्हटलं की कोंपिरा. या दालनात मी अर्धा तास रेंगाळले. भावाच्या जहाजासारखंच, गंजलेल्या लाल बुडाचं एक मालवाहू तिथल्या फोटोत होतं.

मुख्य देवळाशी थांबावं की ओकुशापर्यंत जावं?

पायांत बळ असेल तर जा. बहुतेक लोक ७८५ ला फोटो काढून परततात, आणि नेमकी तिथूनच गर्दी संपून डोंगर सुरू होतो. उरलेल्या ५८३ पायऱ्या जंगलातून जातात. पायऱ्या रुंद, चढ बेताचा, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. कानावर फक्त पक्षी आणि आपल्याच पावलांचा आवाज.

९२३ व्या पायरीवर शिरामिने हे शेंदरी रंगाचं छोटं देऊळ आहे, हद्दपार सम्राट सुतोकूचं. आजूबाजूला मेपलची झाडं. आम्ही गेलो तेव्हा पानं लाल झाली होती आणि पायऱ्यांवर त्यांचा सडा पडला होता.

शेवटी ओकुशा, म्हणजे इझुतामा मंदिर. सोळाव्या-सतराव्या शतकात या देवस्थानाचा कारभार पाहणारे युसेइ नावाचे पुजारी होते, त्यांची इथे देव म्हणून पूजा होते. १६१३ मध्ये ते वारले आणि डोंगराची राखण करायला तेंगू झाले अशी श्रद्धा आहे. तेंगू म्हणजे लांब नाकाचा, पंखांचा डोंगरातला राखणदार. कोकणातल्या माणसाला राखणदार समजावून सांगायला नको. देवळाशेजारी उभा कडा आहे. त्यावर उंच जागी तेंगूचा आणि चोच असलेल्या त्याच्या सोबत्याचा चेहरा कोरलाय. मान वर करून शोधावा लागतो. मला तो दिसेना, तेव्हा झाडणारे एक काका शब्दही न बोलता शेजारी येऊन उभे राहिले आणि झाडूच्या दांड्याने नेमकी जागा दाखवली.

तेंगूचा ताईत फक्त इथेच मिळतो. दुपार उतरायला लागल्यावर ओकुशाकडे निघू नका. तिथली खिडकी बंद होते आणि झाडीत अंधार लवकर पडतो.

दर्शनाची रीत काय?

हात धुवायच्या दगडी हौदाशी पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवायचा, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. पळीला ओठ लावायचे नाहीत. देवासमोर पेटीत नाणं टाकायचं, दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मनातलं सांगायचं, आणि पुन्हा एकदा वाकायचं. नाणं पाच येनचं असेल तर छान. पाच येन म्हणजे ‘गो-एन’, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध.

नारळ, फुलं, उदबत्ती नेऊ नका, ती इथली पद्धत नाही. गाभाऱ्याचा फोटो काढू नका. तुम्ही हिंदू आहात की आणखी कोणी, हे कोणी विचारत नाही.

गुडघे दुखतात. डोली वगैरे मिळते का?

पूर्वी मिळायची. ओमोनपर्यंत डोलीवाले न्यायचे, पण ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. आता दोन पर्याय आहेत. एक म्हणजे मागच्या डोंगररस्त्याने वाहनाने ५०० व्या पायरीजवळच्या ‘कामित्सुबाकी’ या उपाहारगृहापर्यंत येता येतं. राहत्या ठिकाणी विचारून टॅक्सी ठरवा. तिथून मुख्य देऊळ २८५ पायऱ्यांवर उरतं. दुसरा पर्याय म्हणजे ओमोनपर्यंत सावकाश चढून तिथेच थांबायचं.

आईने दुसरा निवडला. दर पन्नास पायऱ्यांना बसत तिने पाऊण तासात ३६५ गाठल्या आणि म्हणाली, “माझ्या मापाचा देव इथवर.” गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी चढण्यापेक्षा उतरण्याचा विचार आधी करावा. पायऱ्या दगडी आहेत, उंची एकसारखी नाही आणि सगळीकडे धरायला कठडा नाही. बाबागाडी अजिबात नेऊ नका. पाच-सहा वर्षांची मुलं मात्र आपल्या आधी वर पोचतात.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, किंवा एप्रिलची सुरुवात. पहिल्यात मेपल, दुसऱ्यात चेरी. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो आणि दगड शेवाळून निसरडे होतात. जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देतो, तेव्हा गेलात तर सकाळी सातला पहिली पायरी चढा. ९ ते ११ ऑक्टोबर हा वार्षिक उत्सव. १० तारखेच्या रात्री देवाची पालखी मिरवणुकीने याच पायऱ्यांवरून खाली गावात येते. मला ते पाहायचं राहिलंय.

बूट, कपडे?

तळ घट्ट पकडणारे, रोजच्या वापरातले बूट. नवे नकोत. साडी किंवा चुडीदार चालतो, आई पंजाबी ड्रेसमध्येच होती. पाण्याची बाटली, टोपी, एक पातळ जाकीट पुरे. स्वच्छतागृह खालीच उरकून घ्या, वर ओकुशाच्या वाटेवर भरवसा धरू नका. कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ असू द्या. जपानात कचरापेट्या शोधूनही सापडत नाहीत.

आम्ही शाकाहारी आहोत. खायचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून स्पष्ट सांगते. कागावा म्हणजे सानुकी उदोनचं माहेर. गव्हाच्या जाड, लवचिक शेवया. शेवयांत मासळी नसते, पण रश्श्यात असतेच. इथला रस्सा इरिको या सुकवलेल्या बारीक मासळीचा असतो. वर मासा दिसत नाही म्हणून तो शाकाहारी आहे असं समजू नका. थंड उदोनबरोबर येणाऱ्या बुडवायच्या वाटीतही तेच.

आम्ही काढलेला मार्ग असा: नुसत्या उकडलेल्या शेवया मागायच्या आणि त्यावर साधं सोया सॉस, म्हणजे ‘कि-जोयू’. वरून मुळ्याचा कीस, किसलेलं आलं, कांद्याची पात, भाजलेले तीळ. टेबलावरची बाटली कधीकधी मासळी मिसळलेल्या सॉसची असते, म्हणून विचारून घ्या. आईने त्यावर घरून आणलेलं मेतकूट भुरभुरलं आणि दुकानदाराला चव दिली. त्याने ते नाकाशी धरून बराच वेळ हुंगलं आणि मग माझ्याकडे बघून मोठ्याने हसला.

गोडात चिंता नाही. ‘ओइरि’ म्हणजे तांदळाच्या पिठाचे रंगीत, पोकळ, जिभेवर विरघळणारे गोळे. इथे लग्नात वाटतात, आणि दुकानांत आइस्क्रीमवर लावून देतात. घरून दशम्या, चटणी, भाजणीचं काहीतरी नक्की न्या.

खर्च किती?

डोंगर चढायला तिकीट नाही. काठीचे १०० येन, शोइन आणि संग्रहालयाचं तिकीट, उदोन, ताईत. सगळ्यात मोठा खर्च येण्याजाण्याच्या गाडीचाच. रोख पैसे जवळ ठेवा. पांढऱ्या छत्र्यांखाली कार्ड चालत नाही असंच धरून चला.

भाषेचं काय?

फोनवरचं भाषांतर पुरतं. ‘सुमिमासेन’ म्हणजे ‘जरा ऐकता का’ आणि ‘माफ करा’ दोन्ही. एवढा एक शब्द आला तरी दिवस निघतो.

उतरल्यावर गावात आणखी काय पाहावं?

कोतोदेन स्टेशनजवळ ताकादोरो हा २७ मीटर उंचीचा लाकडी दीपस्तंभ आहे, १८६० मध्ये बांधलेला. याच्या उजेडावर समुद्रातले खलाशी कोंपिराच्या दिशेला हात जोडत. पायऱ्यांपासून जवळच कानामारु-झा हे १८३५ चं नाट्यगृह आहे, काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचं, जपानातलं आज उभं असलेलं सगळ्यात जुनं नाट्यगृह. प्रयोग नसेल तेव्हा आत फिरता येतं. रंगमंचाखालच्या तळघरात उतरा. फिरता रंगमंच माणसं खांद्याने ढकलून फिरवत, ते लाकूड हात लागून गुळगुळीत झालंय. आम्हाला नाट्यसंगीताच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण तिथून निघवेना. मुक्काम केलात तर गावात गरम पाण्याच्या कुंडांची निवासस्थानं आहेत. पोटऱ्यांना त्याची गरज असते.

घरी आजारी किंवा म्हातारं माणूस आहे, त्यांच्या वतीने चढलं तर चालतं का?

कोंपिराची यात्रा कितीतरी जणांनी नेमकी अशीच केली आहे. एदो काळात, म्हणजे मेइजी सरकार येण्याआधीच्या अडीचशे वर्षांत, सामान्य माणसाला मनाला येईल तसा प्रवास करायची मुभा नव्हती, पण देवदर्शनाला मिळायची. तरीही खर्च कुठला परवडायला! मग गावातले लोक भिशीसारखे पैसे जमवत, चिठ्ठ्या टाकत, आणि ज्याची चिठ्ठी निघेल तो सगळ्यांच्या वतीने कोंपिराला जाई. परतताना प्रत्येकासाठी प्रसादाची पाटी आणी.

ज्यांना तेही जमत नसे ते कुत्र्याला पाठवत. खरंच. कुत्र्याच्या गळ्यात पिशवी बांधायची. तिच्यात मालकाचं नाव लिहिलेली पाटी, देवापुढे ठेवायचे पैसे आणि वाटखर्चीला पैसे. रस्त्यातले यात्रेकरू त्या कुत्र्याला पुढच्या गावापर्यंत सोबत करत, खाऊ घालत, दुसऱ्याच्या हवाली करत. असा तो देवापर्यंत जाई आणि परत घरी येई. त्याला ‘कोंपिरा-इनू’ म्हणत. चेरीच्या रस्त्याच्या टोकाशी त्याचा पुतळा आहे.

आणि खलाशी? जहाज सोडून डोंगर चढायला त्यांना सवड कुठली. ते एका पिंपात दक्षिणा ठेवून, वर कोंपिराचं नाव लिहून पिंप समुद्रात सोडत. ज्याला ते सापडे तो स्वतः चढून ते देवाला पोचवी, आणि त्या माणसालाही पुण्य लागतं अशी समजूत आहे. ‘नागाशि-दारु’ (पाण्यात सोडलेलं पिंप) ही प्रथा आजही आहे. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात सोडताना आपण तो परत यावा म्हणून सोडत नाही. इथे मात्र अनोळखी माणसाच्या हातून पिंप पोचेल या विश्वासावर सोडतात.

तेव्हा बिनधास्त दुसऱ्यासाठी चढा. देवासमोर त्यांचं नाव आणि गाव मनात सांगा. मराठीत सांगितलंत तरी चालेल. मुख्य देवळाशेजारी हळदीसारखा पिवळाधमक ताईत मिळतो, इथली ती खास खूण. मी एक घेतला. खाली ओमोनपाशी आई अजून त्या आजींशेजारी बसलेली होती, मांडीवर संत्र्याची सालं. तिने ताईत दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि रुमालात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. जानेवारीत भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत गेला. आता तो त्याच्या केबिनमधल्या दिव्याला अडकवलेला आहे.